वाळवंटी दऱ्यांची सहल : गर्दीतही निवांतपणा शक्य

अमेरिकेत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मुला-मुलींकडे काही महिन्यांसाठी जाणाऱ्या महाराष्ट्रातील आई-वडिलांच्या कार्यक्रमात नायगारा धबधब्याच्या पाठोपाठ ग्रँड कॅन्यनचे नाव हमखास असते. गेल्या काही वर्षांत त्याला युटा राज्यातील झायॉन, ब्राइस कॅन्यन, आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ या राष्ट्रीय उद्यानांचीही जोड मिळाली आहे. नकाशावर ही उद्याने एकमेकांना खेटून असल्यासारखी दिसतात. त्यामुळे आठवडाभराच्या रजेत सहाही उद्याने 'उरकण्याचा' बेत आखला जातो. प्रत्यक्षात मात्र दिवसाचे पाच-सहा तास गाडीत, तासभर वाहनतळाच्या शोधात आणि भर दुपारच्या उन्हात अर्धा तास कड्यावर, असा हा प्रवास होतो. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण अशा सहलीला तंतोतंत लागू पडते.

या उद्यानांतील गर्दी कमी होण्याची चिन्हे नाहीत. तरीही हंगाम, मुक्काम आणि दिवसाची वेळ या तीन गोष्टी विचारपूर्वक निवडल्या, तर याच गर्दीत निवांत सहल करता येते. वाळवंटी प्रदेशात हा निवांतपणा केवळ चैनीचा भाग नसून सुरक्षिततेचाही आहे. विशेषतः सोबत साठी-सत्तरीचे आई-वडील किंवा लहान मुले असतील, तर ही गोष्ट प्रकर्षाने ध्यानात घ्यायला हवी.

गर्दी का होते?

युटा राज्याच्या पर्यटन विभागाने २०१३ मध्ये आपल्या पाच राष्ट्रीय उद्यानांची 'मायटी फाइव्ह' या नावाने मोठी जाहिरात मोहीम सुरू केली. त्या वर्षी झायॉनमध्ये सुमारे २८ लाख पर्यटक-भेटी नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ मध्ये हा आकडा ५० लाखांवर गेला. आर्चेसमध्येही याच काळात सुमारे ११ लाखांवरून १८ लाखांपर्यंत वाढ झाली. २०२१ मध्ये वाहनतळ भरल्यामुळे आर्चेसचे प्रवेशद्वार सकाळीच काही तासांसाठी बंद करण्याची वेळ वारंवार आली.

मात्र गर्दी संपूर्ण उद्यानात सारखी नसते, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. झायॉनचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस किलोमीटर असले, तरी बहुतेक पर्यटकांना व्हर्जिन नदीच्या एकाच अरुंद दरीत जायचे असते. त्या दरीतील रस्ता जेमतेम १० किलोमीटरचा आहे. म्हणूनच २००० सालापासून तेथे मोफत शटल बस धावते. साधारणतः मार्च ते नोव्हेंबर या काळात खासगी गाड्यांना या रस्त्यावर प्रवेश नसतो. याच उद्यानाच्या वायव्येकडील कोलोब कॅन्यन्स या भागात तुलनेने शांतता असते. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरही मुख्य पर्यटक केंद्राजवळचे मॅथर पॉइंट गजबजलेले असते, तर तेथून पायी अर्धा तास दूर गेल्यावर बसायला मोकळा बाक सापडतो.

कधी जावे?

उन्हाळा, म्हणजे जून ते ऑगस्ट, हा अमेरिकी शाळांच्या सुट्टीचा काळ. गर्दी आणि उष्मा दोन्ही तेव्हा शिगेला पोहोचतात. मार्च-एप्रिलमधील वसंताची सुट्टी, मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी येणारा मेमोरियल डे आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा लेबर डे यांना जोडून येणारे शनिवार-रविवारही टाळलेले बरे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये हवा उत्तम असते. पण ते आता गुपित राहिलेले नाही. त्या काळात निदान आठवड्याच्या मधले दिवस निवडावेत.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या कुटुंबांना दिवाळीची सुट्टी या दृष्टीने फार सोयीची आहे. ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा पूर्वार्ध या काळात दुपारचे ऊन सुसह्य असते, झायॉनची शटल सुरू असते आणि नोव्हेंबर लागताच गर्दी ओसरू लागते. पहाटे आणि रात्री कडाक्याची थंडी पडते, ब्राइसला हिमवर्षावही होऊ शकतो. त्यामुळे गरम कपडे मात्र हवेतच.

दिवाळीचा आणखी एक लाभ सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते. ही सहाही उद्याने गडद आकाशासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळालेली आहेत. चंद्र नसलेल्या रात्री तेथून आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी स्पष्ट दिसतो. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तारखा ठरवताना दिनदर्शिकेतील अमावास्या पाहून ठेवावी आणि एक रात्र आकाशदर्शनासाठी राखून ठेवावी. उद्यानात फिरून झाल्यावर रात्री मोकळ्या वाहनतळावर खुर्ची टाकून बसणे, यासाठी ना आरक्षण लागते ना परवाना.

मेमध्ये जाणाऱ्यांनी महिन्याचा पहिला पंधरवडा निवडावा. जुलै ते सप्टेंबर हा या प्रदेशातील पावसाळी वादळांचा काळ. तेथेही त्याला 'मान्सून'च म्हणतात. पण कोकणातल्यासारखी संततधार नसते. दुपारी अचानक ढग दाटून येतात, तासाभरात धो धो कोसळून आकाश पुन्हा निरभ्र होते. या पावसाचा धोका पुढे सविस्तर पाहू.

किती उद्याने पाहावीत?

आठ-नऊ दिवसांसाठी तीन उद्याने हे प्रमाण योग्य ठरते. नकाशावरील अंतरे फसवी असतात. लास व्हेगासहून झायॉनच्या वेशीवरील स्प्रिंगडेल गाव सुमारे २६० किलोमीटर, तेथून ब्राइस सुमारे १४० किलोमीटर, ब्राइसहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा सुमारे ४६० किलोमीटर आणि तेथून पुन्हा लास व्हेगास सुमारे ४५० किलोमीटर. एवढ्या एका फेरीतच १,३०० किलोमीटर होतात. त्यात आर्चेससाठी मोआब गावाची भर घातली, तर मोआबहून ग्रँड कॅन्यनचा एकच टप्पा ५०० किलोमीटरहून अधिक भरतो.

म्हणून दोन स्वतंत्र सहली कल्पाव्यात. पहिली, लास व्हेगासहून निघून स्प्रिंगडेलला तीन रात्री, ब्राइसला दोन आणि ग्रँड कॅन्यनला तीन रात्री. दुसरी, सॉल्ट लेक सिटीहून निघून मोआबला चार रात्री आणि कॅपिटॉल रीफजवळच्या टोरी गावात दोन रात्री. मोआबमधून आर्चेस आणि कॅन्यनलँड्स ही दोन्ही उद्याने एकाच मुक्कामातून पाहता येतात. रोज बॅगा भरण्या-उघडण्याचा त्रास वाचला, की निम्मा थकवा तिथेच कमी होतो.

पहिल्या सहलीला भूगर्भशास्त्राचाही एक धागा आहे. कोलोरॅडो पठारावरील खडकांचे थर एका अवाढव्य जिन्यासारखे रचलेले आहेत. ग्रँड कॅन्यनच्या माथ्यावरचा थर झायॉनच्या तळाशी सापडतो आणि झायॉनच्या माथ्यावरचा थर ब्राइसच्या पायथ्याशी. ग्रँड कॅन्यनच्या तळाचे खडक सुमारे १८० कोटी वर्षांपूर्वीचे, माथ्यावरचा चुनखडक सुमारे २७ कोटी वर्षांचा, तर झायॉनचे तांबूस कडे म्हणजे डायनोसॉरच्या काळातील वाळवंटाच्या टेकड्या. ब्राइस ही नावाने 'कॅन्यन' असली, तरी ती नदीने कोरलेली दरी नव्हे. पठाराची कड हिम आणि पाण्याने झिजून तेथे हजारो शेंदरी सुळके उभे राहिले आहेत. फटींत शिरलेले पाणी रात्री गोठते, दिवसा वितळते, आणि दर वेळी खडक थोडा आणखी फाकतो. तीन उद्याने या क्रमाने सावकाश पाहणाऱ्याला 'तेच ते लाल दगड' असे म्हणावेसे वाटणार नाही.

दिवसाची आखणी

वाळवंटात दिवसाचे तीन भाग करावेत. सूर्योदयापासून सकाळी दहापर्यंत फिरणे, दुपारी विश्रांती आणि चारनंतर पुन्हा बाहेर पडणे. गर्दीचा आलेख याच्या नेमका उलट असतो. बहुतेक पर्यटक न्याहारी आटोपून दहाच्या सुमारास प्रवेशद्वारावर पोहोचतात आणि चारनंतर परतू लागतात. पहाटेच्या पहिल्या शटलने जाणाऱ्याला वाहनतळावर जागा, कोवळे ऊन आणि शांतता या तिन्ही गोष्टी मिळतात. मराठी माणसाची दुपारची वामकुक्षी येथे आळशीपणा न ठरता शहाणपणा ठरते. मुक्काम उद्यानाच्या आत किंवा अगदी वेशीवर असणे याचसाठी महत्त्वाचे. शंभर डॉलर वाचवण्यासाठी ८० किलोमीटर दूर खोली घेतली, तर दुपारी परत येणे शक्य होत नाही आणि सगळी आखणी कोलमडते.

स्प्रिंगडेलमध्ये मुक्काम असल्यास गाडी हॉटेलवरच ठेवावी. गावातील मोफत शटल उद्यानाच्या पादचारी प्रवेशद्वाराशी सोडते आणि तेथून दरीत जाणारी बस मिळते. ग्रँड कॅन्यनचा हर्मिट रोड हा सुमारे ११ किलोमीटरचा रस्ताही मार्च ते नोव्हेंबर खासगी गाड्यांना बंद असतो. तेथे बसनेच जावे लागते. दोन थांब्यांमधले अंतर कड्याच्या कडेने पायी चालून पुढच्या थांब्यावर बस पकडणे, हा तेथील सर्वांत सुखाचा प्रकार आहे.

ज्येष्ठांसाठी सोप्या वाटा

या उद्यानांचे सौंदर्य पाहण्यासाठी साहसी चढाई करावीच लागते, हा गैरसमज आहे. झायॉनमधील पारुस ट्रेल आणि नदीकाठचा रिव्हरसाइड वॉक या दोन्ही वाटा फरसबंद आहेत. ब्राइसमध्ये सनराइज पॉइंट ते सनसेट पॉइंट ही सुमारे ८०० मीटरची वाट जवळजवळ सपाट असून सगळे सुळके तेथून नजरेच्या टप्प्यात येतात. ग्रँड कॅन्यनला यावापाई भूगर्भ संग्रहालयापासून निघणाऱ्या 'ट्रेल ऑफ टाइम'वर चालताना प्रत्येक मीटर म्हणजे १० लाख वर्षे, असे प्रमाण धरून खडकांचे नमुने मांडलेले आहेत. नातवंडांचा हात धरून आजी-आजोबांनी चालावी अशी ही वाट आहे. आर्चेसमधील बॅलन्स्ड रॉक, डबल आर्च आणि कॅन्यनलँड्समधील मेसा आर्च येथेही थोड्याच पायपिटीत पोहोचता येते. डेलिकेट आर्चची जाऊन-येऊन सुमारे पाच किलोमीटरची वाट मात्र उघड्या कातळावरून चढत जाते. तेथे सावली नाही. गुडघे कुरकुरत असतील, तर पायथ्याजवळच्या दर्शनस्थळावरून ती कमान पाहावी.

कॅपिटॉल रीफचा उल्लेख येथे आवर्जून करायला हवा. पाचांमध्ये तुलनेने कमी गाजावाजा झालेले हे उद्यान. मॉर्मन वसाहतकारांनी फ्रुटा येथे लावलेल्या चेरी, जर्दाळू, पीच आणि सफरचंदांच्या बागा आजही उद्यान प्रशासन राखते. तोडणीच्या हंगामात बागेत बसून फळे मोफत खाता येतात. बरोबर न्यायची असल्यास थोडे पैसे द्यावे लागतात. त्याच परिसरातील कड्यांवर फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी कोरलेली चित्रे आहेत. निवांत सहल म्हणजे काय, हे समजण्यासाठी येथे एक दिवस पुरेसा आहे.

ऊन, उंची आणि पूर

ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर, तर ब्राइसचा कडा २,४०० मीटरहून उंच आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचे. म्हणजे नुसते गाडीतून उतरतानाच पर्यटक कळसूबाईच्या वर उभा असतो. विरळ हवेत धाप लवकर लागते. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा आणि पहिल्या दिवशी फारसे चालू नये.

डोंगर चढताना माणूस दमला की परत फिरतो. दरीत मात्र उतरताना दमणूक जाणवत नाही आणि खरी परीक्षा परतीच्या चढावर होते. ग्रँड कॅन्यन सुमारे १,६०० मीटर खोल आहे. जुलैमध्ये कड्यावर सरासरी कमाल तापमान २९ अंश सेल्सियसच्या आसपास असताना तळाशी ते ४१ अंशांपर्यंत जाते. उतरायला लागला त्याच्या दुप्पट वेळ चढायला लागेल, असे धरून चालावे. एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नये, असे उद्यान प्रशासन बजावून सांगते. उन्हाळ्यात दहा ते चार या वेळेत दरीत चालणे टाळण्याचाही त्याचा सल्ला आहे.

दर माणशी दिवसाला चार लिटर पाणी हा वाळवंटातील सर्वसाधारण नियम. कोरड्या हवेत घाम लगेच सुकतो, त्यामुळे किती पाणी गेले हे कळतच नाही. नुसते पाणी पीत राहणेही धोक्याचे. शरीरातील मीठ कमी होते. अशा वेळी घरचा चिवडा आणि खारे शेंगदाणे खरोखर कामास येतात. मधुमेहींनी इन्सुलिन उन्हात उभ्या गाडीत ठेवू नये.

सर्वांत कमी ओळखला जाणारा धोका अचानक येणाऱ्या पुराचा. येथील कातळ पाणी शोषत नाही. कित्येक किलोमीटर दूर पडलेला पाऊस अरुंद घळीत एकवटतो आणि डोक्यावर निळे आकाश असतानाही पाण्याची भिंत येऊन आदळते. ॲरिझोनातील पेजजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ऑगस्ट १९९७ मध्ये अशा पुरात ११ पर्यटकांचा बळी गेला. झायॉनच्या कीहोल कॅन्यनमध्ये सप्टेंबर २०१५ मध्ये सात जणांचा मृत्यू झाला. सह्याद्रीतील घळींत पावसाळ्यात उतरू नये, हे जसे गावकरी सांगतात, तसेच येथे पर्यटक केंद्रावरील रेंजर सांगतात. पुराचा इशारा असेल त्या दिवशी झायॉनच्या 'नॅरोज'सारख्या नदीपात्रातील वाटेवर पाऊल ठेवू नये. अँटिलोप कॅन्यन नावाहो लोकांच्या भूमीवर असून अधिकृत वाटाड्याशिवाय तेथे प्रवेशच नाही.

परवाने, आरक्षण आणि शुल्क

उद्यानांतील निवासस्थाने लवकर भरतात. ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावरील हॉटेलांचे आरक्षण १३ महिने आधी खुले होते; तंबूंच्या जागा साधारणतः सहा महिने आधी मिळतात. उत्तर कड्यावरील ऐतिहासिक ग्रँड कॅन्यन लॉज जुलै २०२५ मधील वणव्यात भस्मसात झाले. त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्यांनी बारमाही खुला असणारा दक्षिण कडाच निवडावा. झायॉनमधील एंजल्स लँडिंग या साखळ्या धरून चढायच्या सुळक्यासाठी १ एप्रिल २०२२ पासून परवाना लागतो आणि तो सोडतीने मिळतो. आर्चेसमध्ये २०२२ ते २०२५ या काळात गर्दीच्या महिन्यांत वेळेनुसार प्रवेशाचे आरक्षण सक्तीचे होते. असे नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून तिकिटे काढण्यापूर्वी आणि निघण्याच्या आठवडाभर आधी, असे दोनदा राष्ट्रीय उद्यान सेवेचे संकेतस्थळ पाहणे श्रेयस्कर.

भारतातून जाणाऱ्यांच्या खिशाला थेट झळ पोहोचवणारा बदल शुल्काचा आहे. ग्रँड कॅन्यन, झायॉन आणि ब्राइसमध्ये एका खासगी गाडीला सात दिवसांसाठी ३५ डॉलर शुल्क आहे. १ जानेवारी २०२६ पासून ११ गर्दीच्या उद्यानांत अमेरिकेबाहेरच्या रहिवाशांना, वार्षिक पास नसल्यास, त्यावर माणशी १०० डॉलर अधिभार लागू झाला. ग्रँड कॅन्यन, झायॉन आणि ब्राइस ही तिन्ही त्या यादीत आहेत. आर्चेस, कॅन्यनलँड्स आणि कॅपिटॉल रीफ नाहीत. परदेशी पर्यटकांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरचा, तर अमेरिकी रहिवाशांसाठीचा ८० डॉलरचा आहे. दोन ज्येष्ठ पाहुण्यांना तिन्ही उद्याने दाखवायची, तर केवळ अधिभाराचेच ६०० डॉलर होतात. साहजिकच पास स्वस्त पडतो. मात्र घरात मुलगा अमेरिकी रहिवासी आणि आई-वडील पाहुणे अशी स्थिती असेल, तर कोणाच्या पासवर कोणाला प्रवेश मिळतो, हे आधी तपासून घ्यावे आणि सर्वांनी छायाचित्र असलेले शासकीय ओळखपत्र जवळ ठेवावे.

घड्याळाचा घोळ

या भागात वेळेचा घोळ अनेकांच्या आरक्षणावर पाणी सोडतो. नेवाडातून युटात शिरताच घड्याळ एक तास पुढे जाते. युटात उन्हाळी वेळ पाळली जाते, ॲरिझोनात पाळली जात नाही. ॲरिझोनातीलच नावाहो प्रदेशात मात्र ती पाळली जाते. मार्च ते नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हा फरक राहतो. मोबाइलही सीमेजवळ चुकीची वेळ दाखवू शकतो. म्हणून पेज परिसरातील कोणतेही आरक्षण करताना 'कोणती वेळ' हे विचारून लिहून ठेवावे.

थोडक्यात महत्त्वाचे

- आठ दिवसांत तीन उद्याने, आणि प्रत्येक ठिकाणी किमान दोन रात्री.
- पहाटे आणि संध्याकाळी भटकंती, दुपारी विश्रांती.
- मुक्काम उद्यानात किंवा वेशीवर, फिरणे शटलने.
- मोबाइल संपर्क अनेक ठिकाणी नसतो; नकाशे आधीच उतरवून घ्यावेत.
- गाडीची टाकी अर्ध्यावर येण्यापूर्वी इंधन भरावे. रात्री हरणे रस्त्यावर येतात; अंधार पडल्यावर लांबचा प्रवास नको.
- आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नये. आर्चेस, कॅन्यनलँड्समधील काळसर, खडबडीत मातीचा थर सजीव असतो. तो तुडवला गेल्यास पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे जातात.
- परदेशातून येणाऱ्या ज्येष्ठांचा वैद्यकीय विमा आणि औषधांची यादी हाताशी असावी.

ही उद्याने घडायला कोट्यवधी वर्षे लागली. त्यांतील एखादे या सहलीत राहून गेले, तर त्याची रुखरुख बाळगण्याचे कारण नाही. ते पुढच्या खेपेसाठी जागच्या जागी असणार आहे. जे पाहायचे, ते आई-वडिलांच्या पावलाच्या वेगाने पाहिले, तर परतल्यावर सांगण्यासारखे अधिक उरते.